इंजिनाआड गादी

टोकियोहून आलेल्या तीस शहाण्यांनी पहाटेपासून माझ्या चहाच्या मळ्यात ट्रायपॉड रोवले होते. कशासाठी, तर मळ्यालगतच्या रुळांवरून जाणाऱ्या वाफेच्या जुन्या इंजिनाचं शूटिंग करायला! गेल्या वर्षी, इंजिनाच्या आड येतं म्हणून, यांच्यातल्याच कुणीतरी माझं पर्सिमॉनचं फळझाड कापलं. विचारलं तर सगळे आपापल्या बुटांकडे बघत उभे. आज उरलेल्या खोडाला बांबू बांधून मी त्यावर गादी उन्हात टाकली आणि काठीने धपाधप बडवायला लागले. कॅमेऱ्यांसमोर गादीवरची लाल फुलं आणि धूळ. "आजी, गादी काढा ना! आवाजसुद्धा रेकॉर्ड होतोय!" म्होरक्या कमरेत वाकून गयावया करू लागला. "बाळा, असं ऊन रोज पडतं होय?" वळणापलीकडे शिट्टी वाजली. तो रडकुंडीला आला. "पाया पडतो, आजी! हे इंजिन वर्षातून एकदाच धावतं हो!" मी काठी उगारली. "माझं झाडही वर्षातून एकदाच फळायचं."