तीन दुर्बिणी

खारींनी बागेची नासाडी मांडली, म्हणून डेल्मर जावयाला, कर्टिसला, घेऊन गावातल्या दुकानात पॉइंट टू-टूची स्वस्तातली रायफल घ्यायला आला. रायफल झटकन ठरली. अडलं ते वर बसवायच्या दुर्बिणीपाशी.

पहिली दुर्बीण त्यानं काउंटरवर आदळली. "सगळं धूसर. कचरा विकायला बसलीस का, अर्लीन?"

अर्लीननं महागातली दिली. तीही धूसर, तिसरीही तशीच.

"हे दुकान तुम्हीच सुचवलंत ना, जावईबापू? माझी पोरगी सोडली, तर जन्मात एक गोष्ट धड निवडली नाहीत."

कर्टिसनं एकेक दुर्बीण खिडकीकडं धरून रस्त्यापलीकडची चर्चची पाटी तीनदा वाचली, अगदी खालच्या बारीक अक्षरांसकट.

"तिन्ही चांगल्या आहेत," तो म्हणाला.

"मग घाला चुलीत." डेल्मर तरातरा बाहेर आला आणि ट्रकमध्ये स्टिअरिंगमागं बसला. मागच्या सीटवर नात वाट बघत होती. तिला रोज शाळेत तोच सोडायचा.

कर्टिसनं त्याच्या बाजूचं दार उघडलं आणि हात पुढं केला.



"किल्ली द्या. आणि उतरा."