आले हं!

खोटं वाटेल, पण प्लास्टरातला पाय घेऊन मी सातव्या खाटेवरून पाहिलंय. चाळीस खाटांना एकच सिस्टर, बेल वाजली की "आले हं!" म्हणत धावायची. तिचा डबा घेऊन येणारी लेक सांगायची, "घरी कुकरची शिट्टी झाली तरी आई झोपेतून 'आले हं' म्हणत उठते." सिस्टरने जोडीला माणूस आणि वाढीव पगार मागितला, तर मेट्रनबाई म्हणाल्या, "अगं, ही सेवा आहे!" सलग तिसऱ्या ड्यूटीत ती कोसळली, आठव्या खाटेवर तिलाच सलाईन लागलं. तहान लागली, तशी तिने बेल दाबली. वाजताच "आले हं!" म्हणत उठली, स्टँड ओढत खाटेखाटेपाशी विचारू लागली, "बेल कुणी वाजवली?" मी जन्मभर थापा मारल्या, तशी आणखी एक मारली: "मीच. पाणी द्या." तिने पेला आणला, मी तिलाच पाजला. पिऊन म्हणाली, "आता बरं वाटतंय ना, आजोबा?"