मोतीबिंदू

"अहो, माझा मोतीबिंदू वाढला वाटतं. तुमच्या तोंडावर हिरव्या रेघा दिसतात," सुमन लॅपटॉपमधून म्हणाली.

नऊ वर्षांपूर्वी ती वारली, तेव्हा हॉस्पिटलने तिचं मन या लॅपटॉपमध्ये उतरवून दिलं होतं. दुसरी प्रत काढायला कायद्याने बंदी होती. ती गेली आहे, हे दत्तारामांनी तिला कधीच सांगितलं नव्हतं; आपण अजून घरातच वावरतोय, असंच तिला वाटायचं.

दुरुस्तीवाल्या शबानाने त्यांना बाजूला घेतलं. "काका, ग्राफिक्स कार्ड गेलंय. काकू त्याच्यावरच चालतात, आणि हे कार्ड आता कुठे मिळत नाही. चिपला गरम हवा देऊन बघते. जमलं तर वर्षभर चालेल, नाही तर संपलं."

"आणि तसंच ठेवलं तर?"

"आठवड्यात काकू तुम्हाला ओळखणार नाहीत."

दत्ताराम स्क्रीनसमोर वाकले. "सुमन, डोळ्याचं ऑपरेशन करून टाकू. आत्ताच."

"आज उजाडलं होय तुम्हाला? किती वर्षं मागे लागलेय!" ती हसली. "कुकर लावलाय, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. येते हं."

शबानाने लॅपटॉप बंद केला. दुपारपर्यंत तिने चिप दोनदा तापवली. स्क्रीन काळीच राहिली.

"नाही जमलं, काका."

"जाते असं कधी म्हणायची नाही ती," दत्ताराम म्हणाले. "हॉस्पिटलात नेलं तेव्हाही येते म्हणाली होती. आली ना तेव्हा? आणखी एकदा तापव."