लाल रेघांचं गाव

टोकियोतल्या निशी-कसाईत रद्दी दोरीनं बांधून गुरुवारी खाली ठेवायची असते. ती गोळा करताना स्वरूपाला टेबलाखाली नवऱ्याचे छापील कागद सापडले. जर्मनीतल्या हिर्शेनटाल नावाच्या एवढ्याशा गावाचा नकाशा, इतिहास, तिथल्या चालीरीती. महापुराच्या सालाखाली आणि गावच्या सामाईक भट्टीत पाव भाजायच्या वाराखाली प्रसन्ननं लाल रेघा मारल्या होत्या.

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पुण्याहून चेन्नई, चेन्नईहून टोकियो, दोन्ही वेळा यानं सगळं ठरल्यावरच तिला सांगितलं होतं. आणि आता कुठे तिला बेंतोच्या दुकानात जेवणाचे डबे भरायचं काम मिळालं होतं.

रविवारी तो नेहमीसारखा फोन घेऊन बाल्कनीत गेला आणि काचेचं दार ओढून घेतलं. तिनं ते बोटभर सरकवलं.

"हो, भट्टी अजून शनिवारीच पेटते," तो अगदी अदबीनं सांगत होता. "तुम्ही होतात तेव्हाचा पूल पुरात गेला. आता नवा बांधलाय."

तो आत आला तेव्हा ती कागद घेऊन दारातच उभी होती. "जर्मनीला कधी निघायचंय? या वेळी तरी आधी सांग."

"कुठेच नाही गं. सांगलीला बाबांशी बोलत होतो. तरुणपणी ते या जर्मन गावात वर्षभर ट्रेनिंगला होते. आता तेवढंच आठवतं त्यांना." त्यानं तिच्या हातातले कागद हळूच काढून घेतले. "प्रसन्न बोलतोय म्हटलं की राँग नंबर म्हणून फोन ठेवतात. हिर्शेनटालहून बोलतोय म्हटलं की अर्धा तास सोडत नाहीत."