पळवून बघा

वरातीत नाचणारी घोडी लंगडायला लागली, तसे जोतिबानाना तिला घेऊन कडेगावच्या जनावरांच्या दवाखान्यात आले. डॉक्टर संयोगिताबाई म्हणाल्या, "लगाम धरून पळवा बघू तिला." नानांच्या स्वतःच्या गुडघ्याला पट्टा, तरी घोडीपायी धापा टाकत दोन फेऱ्या मारल्या.

"घोडीचा पुढचा डावा खूर दुखतोय," बाईंनी सांगितलं. "आणि नाना, तुमचा गुडघा ठणठणीत आहे. दुखणं खुब्यात आहे."

"आवं, सांगलीचं डॉक्टर दोन वरसं गुडघ्याचंच फोटू काढत्यात की!"

"त्यांनी तुम्हाला पळवून बघितलं नसेल."



दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या आवारात अर्धं कडेगाव पळत होतं, आणि जनावर एकाकडंबी नव्हतं.