ठरवून ठेवलेलं उत्तर

"नाव नाही," बडनेऱ्याच्या परीक्षा केंद्रावरचा गेटवाला म्हणाला आणि त्याने हातातला मोबाईल माधवीच्या वडिलांपुढे, देवरावांपुढे, धरला. लाल अक्षरं होती: यादीत नाव नाही.

"आहे न जी," माधवी म्हणाली. "हे पाहा न हॉलतिकीट."

"असे कागद कोणीबी छापते. मशीन नाही म्हणते न."

जवळच लिंबाखाली दामिनी लॅपटॉप घेऊन बसली होती. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेसाठी हे तपासणीचं ॲप तिनेच लिहिलं होतं. तिने स्क्रीनकडे पाहिलं. सर्व्हर मान टाकून बसला होता आणि तिने बसवलेला सर्किट ब्रेकर, घरातला एमसीबी पडतो तसा, पडला होता. सर्व्हर उत्तर देईना की ॲपने त्याला विचारणं सोडायचं आणि ठरवून ठेवलेलं उत्तर देऊन मोकळं व्हायचं. व्यवस्था चोख होती. उत्तर तेवढं दामिनीने निवडलं होतं. 'सध्या तपासता येत नाही' असं लिहिलं, तर आपलं ॲप बंद पडतं हे चारचौघांत दिसलं असतं. म्हणून बाईसाहेबांनी लिहिलं, 'यादीत नाव नाही'. ज्याचं नाव खरंच असेल तो पुन्हा विचारेलच, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

तिला उठून "थांबा, पोरीचं खरं आहे" एवढंच ओरडायचं होतं. पण शेजारच्या खुर्चीवर परीक्षा घेणारे साहेब चहा पीत होते, आणि सकाळीच त्यांनी तिच्या ॲपचं तोंडभरून कौतुक केलं होतं. आधी सर्व्हर उठवू, मग बोलू, असं ठरवून तिने मान खाली घातली.

गेटपाशी आवाज चढला.

"फॉर्म भरलाच नाही न तू? भातकुलीहून आणलं मले, अन् इथं लोकाइसमोर माहं नाक कापून राहिली?"

"भरला बाबा. तुमची आन."

"वरून माही खोटी आन घेतं!"

देवरावांचा हात उठला. थापडीचा आवाज लिंबाखालीही आला. रांगेतली पोरं वळून पाहू लागली.

सर्व्हर उठला. दामिनी धावतच गेटपाशी गेली. "आता पुन्हा बघा."

गेटवाल्याने पुन्हा पाहिलं. हिरवी खूण आली. माधवी गाल धरून आत निघाली.

दामिनीला तिच्याकडे बघवेना. इतकी लाज तिला कधीच वाटली नव्हती. साहेब मागे येऊन उभे राहिलेत, हे तिला कळलं. तरी ती बोलली.

"काका, तुमच्या मुलीने फॉर्म भरला होता. नाव पहिल्यापासून यादीत होतं. ॲपने खोटं सांगितलं. ते मीच तसं लिहिलंय. चूक माझी आहे."

देवरावांनी हात जोडले.

"काहून आपल्या अंगावर घेता मॅडम? मशीन कायले खोटं बोलन? पोरीनं गफलत केली, तुमी दया करून नाव घातलं. मले समजते जी."

दारात माधवी थबकली होती. तिने ते ऐकलं आणि आत निघून गेली.

"नाही हो काका, ऐका..." दामिनी पुन्हा सांगू लागली.

देवराव तिच्या पाया पडायला वाकले.