ओरेस्टची शेवटची जर्सी

संघाचे रंग माणसाच्या रक्तात असतात, असं स्वान क्रॉसिंग गावात मानतात. गावच्या आइस हॉकी संघाचा मालक बदलला की रंग आणि चिन्ह दोन्ही बदलत, एवढीच काय ती अडचण. त्यामुळे ओरेस्टला शवपेटीत कोणती जर्सी घालायची, यावरून त्याचे दोन्ही मुलगे सकाळपासून भांडत होते.

“हिरवी, सांबरवाली!” मायरन म्हणाला. “बाबांची पहिली जर्सी ती.”

“तुझ्या सांबराने एक तरी कप आणला का रे? निळी घाला. कप अस्वलाने आणला,” डॅरिल म्हणाला.

“अस्वल कसलं, सुजलेला उंदीर तो! बाबांना वर तोंड दाखवायचंय.”

“सध्याची काळी चालेल का?” अंत्यविधीवाल्याने भीत भीत विचारलं. दोघांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बाहेरच निघून गेला.

स्टेफानियाला आता नवऱ्यासाठी रडायलाही त्राण उरलं नव्हतं. तिने पिशवीतून त्याचा तपकिरी कोट काढला.

“हा घाला.”

“अगं आई, याच्यावर चिन्ह कुठाय?”

“बटणं आहेत.”

गावच्या बर्फाच्या स्टेडियममध्ये इतकी थंडी असे, की चाळीस वर्षांत ओरेस्टने सामना बघताना कोट एकदाही काढला नव्हता.